पावसाचं पाणी आत घेणारा डांबरी रस्ता आपल्याकडं टिकंल काय? (डांबर म्हातारं होतं म्हणजे नेमकं काय होतं)

चोर्ला_रायडर
मंडळी एक शंका आहे. पावसाळ्यात धारवाडकडनं हायवेनं बेळगावला येताना पुढच्या ट्रकच्या चाकातनं जे पाणी उडतंय त्यात काही म्हणजे काही दिसत नाही, कारवाल्यांचं वायपरवर तरी भागतं, आम्हा बाईकवाल्यांना तर विचारूच नका. माझा एक मित्र हॉलंडला आहे, आहे इथलाच, तो म्हणतो तिकडं हायवेवर कितीही पाऊस पडूदे पाणी उडतच नाही, रस्ताच पाणी आत ओढून घेतो, पोरस अस्फाल्ट म्हणतात त्याला. मग म्हटलं हे आपल्याकडं का नाही? तर ऑफिसातल्या एका सिव्हिलवाल्यानं एका वाक्यात विषय संपवला, "त्यात डांबर लवकर म्हातारं होतं आणि खडी सुटते". आता हे म्हातारं होणं म्हणजे काय, उन्हानं वाळतं काय? आणि साध्या रस्त्यातलं डांबरपण तेच की, मग ह्यातच का लवकर? जाणकारांनी सांगावं. (रस्ता कुणी खाल्ला त्यासाठी वेगळा धागा आहे, तिकडं जावा.)

तिसरं_गेट
खाल्ल्याशिवाय रस्त्याचा धागा पूर्ण होतोय काय मर्दा. इथं पाणी आत न घेणारे रस्ते एका जूनमध्ये उखडूलेत आणि तुला मुद्दाम पाणी आत घेणारा पाहिजे! डांबराचं आणि पाण्याचं वैर आहे हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

प्लांट_लॅब
हॉट मिक्स प्लांटच्या लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी दोन्ही रस्त्यातला फरक. आपल्या हायवेला सगळ्यात वरचा जो काळा थर असतो, बीसी म्हणतो आम्ही, त्यात मोठी खडी, बारीक खडी, चुरी, भुकटी सगळं असं मापात घालतात की दाबून झाल्यावर पोकळी राहते फक्त ३ ते ५ टक्के. ती पण सुटी सुटी, एकमेकाला न जोडलेली, त्यामुळं पाणी वरच्यावर वाहून जातं. पोरसमध्ये चुरी जवळजवळ काढूनच टाकतात, बहुतेक एकाच मापाची खडी, आणि पोकळी ठेवतात १८-२० टक्के किंवा त्याच्याही वर, सगळी आतनं जोडलेली. पाणी थरात शिरतं आणि खालच्या पक्क्या थरावरनं आडवं वाहत कडेला बाहेर पडतं. म्हणजे खाली जमिनीत मुरत वगैरे नाही, खालचा थर पाणीबंदच पाहिजे. पृष्ठभागावर पाण्याचा पापुद्रा साचत नाही म्हणून तुषार उडत नाहीत, ब्रेक चांगला लागतो, टायरचा आवाजही कमी येतो.

आता चुरी नाही म्हटल्यावर खडी खडीला नुसती टेकलेली राहते. त्या टेकल्या जागी जो डांबराचा पातळ लेप असतो तेवढ्यावर सगळा संसार. चुरमुऱ्याचा लाडू घ्या, पाक मऊ आहे तोवर लाडू दाबला तरी नुसता दबतो, पाक कडक झाला की हात लावला तिथनं चुरमुरे गळायला लागतात. लेपाची जाडी किती म्हणाल तर १०-१५ मायक्रॉनच्या घरात, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग आणि थोडं वर.

आणि ह्या लेपाला हवा सगळ्या बाजूनं लागते. साध्या बीसीत हवेचं काम मुख्यतः वरच्या सेंटिमीटरभरात चालतं, खालचं डांबर झाकलेलं राहतं. पोरसमध्ये थराच्या तळापर्यंत हवा खेळते, पाणी खेळतं, म्हणून वरचं डांबर आणि तळाचं डांबर दोन्ही म्हातारं होतं. तुमच्या ऑफिसातले सिव्हिलवाले चुकीचं बोलले नाहीत, पण त्यावर उपाय नाहीत असं नाही.

चोर्ला_रायडर
एक नंबर समजावलंत. पण वाळणं म्हणजेच म्हातारपण काय? तेल उडून जातं असं काहीतरी?

प्लांट_लॅब
तेल उडणं हा त्यातला छोटा भाग, तो पण मुख्यतः प्लांटवर गरम असताना होतो. रस्त्यावर जे होतं ते ऑक्सिजनमुळं.

डांबरात ढोबळमानानं चार जातीचं सामान असतं, सॅच्युरेट्स, अ‍ॅरोमॅटिक्स, रेझिन्स आणि अस्फाल्टीन्स. पहिले दोन तेलकट, पातळ. अस्फाल्टीन्स म्हणजे घट्ट, जड भाग. ऑक्सिजन लागत गेला की अ‍ॅरोमॅटिक्सचं हळूहळू रेझिन होत जातं, रेझिनचं अस्फाल्टीन. एकूण डांबर तेवढंच पण तेलकट भाग घटला, घट्ट भाग वाढला. रेणूंना ऑक्सिजन चिकटून कार्बोनिल आणि सल्फॉक्साइड असे गट तयार होतात, इन्फ्रारेड मशीनच्या आलेखात त्यांची शिखरं चक्क वाढलेली दिसतात, आणि हे गट एकमेकाला ओढून धरतात म्हणून डांबर आणखी ताठ होतं. परत गरम केलं म्हणून हे उलट फिरत नाही.

लॅबमध्ये दिसतं कसं? पेनिट्रेशनची टेस्ट असते, २५ डिग्रीला १०० ग्रॅम वजनाची सुई ५ सेकंदात किती रुतते ते बघायचं, मिलिमीटरच्या दहाव्या भागात. आपल्या व्हीजी-३० ला (इथं नेहमी वापरतात ते डांबर) किमान ४५ पाहिजे. हॉलंडमध्ये पोरसला पूर्वापार ७० ते १०० पेनिट्रेशनचं मऊ डांबर वापरायचे, आणि जुन्या रस्त्यातनं कोअर (गोल कापलेला तुकडा) काढून त्यातलं डांबर वेगळं करून सुई लावली तर आकडा २० च्या आसपास आलेला. सॉफ्टनिंग पॉइंट (डांबर मऊ पडायचं तापमान) वर चढतो, व्हिस्कॉसिटी (दाटपणा) कित्येक पटीनं वाढते.

पण खरं दुखणं नुसत्या कडकपणाचं नाही हे लक्षात घ्या. कडक झाल्यावर चाकोरी पडायची कमी होते, तेवढा फायदाच. दुखणं असं की ताजं डांबर ताण आला की थोडं सरकून तो ताण सोडून देतं. म्हाताऱ्या डांबराला सोडता येत नाही. गाडीचं चाक गेलं, खडी किंचित हलली, लेपावर ताण आला, तो तिथंच साचला, परत चाक. मग एक दिवस लेपाला बारीक चीर, आणि खडी सुटली. एक खडी सुटली की शेजारच्या खडीचा एका बाजूचा आधार गेला, आणि तिथनं पुढं भराभर. ह्याला रॅव्हेलिंग म्हणतात, पोरस रस्ता मरतो तो बहुतेक ह्यानंच.

रिटायर्ड_रोलर
बाळांनो, नोकरी रस्त्यावरच गेली माझी, खानापूर, नंदगड, लोंढा सगळीकडं. आमच्या वेळी ८०/१०० पेनिट्रेशनचं डांबर पिंपातनं यायचं, बॉयलरखाली लाकडं घालायची आणि थर्मामीटर असला तरी बघायचा कोण. मुकादम काठी बुडवून डांबराची तार धरायचा, तार लांब आली की माल बरा, तुटक आली की जळालं. जळालेल्या डांबराचा रस्ता पहिल्या दिवशी लई काळा आणि सुंदर दिसायचा बरं का, सायबाला तोच आवडायचा. आणि पुढच्या हिवाळ्यात खडी पायाखाली यायची. प्लांटवाल्यांनी त्यावर थोडं लिहावं.

दुसरं एक बघितलेलं सांगतो. हिवाळ्यात बारीक भेगा दिसायच्या त्या एप्रिलच्या उन्हात गाड्या फिरून फिरून आपोआप मिटायच्या. तीन-चार वर्षांनी मात्र मिटायच्या बंद व्हायच्या.

प्लांट_लॅब
काका, दोन्ही गोष्टी लाखमोलाच्या बोललात.

भेगा मिटणं ह्याला हीलिंगच म्हणतात. मऊ डांबर उन्हात वाहतं आणि चीर बुजते. वय झालं की ती ताकद जाते. पोरसमध्ये ही ताकद लवकर जाते, आणि तिथंच तिची गरज सगळ्यात जास्त.

आता जळण्याचं. एजिंगचे, म्हणजे म्हातारं होण्याचे, दोन टप्पे असतात. पहिला प्लांटपासून रोलरपर्यंतचा, काही तासांचा. दुसरा रस्त्यावरचा, वर्षांचा. लोक दुसऱ्यावर बोलतात, पण पहिल्यातच अर्धा खेळ होऊन जातो. प्लांटच्या मिक्सरमध्ये काय होतं बघा, तापलेल्या खडीवर डांबराचा एवढासा पातळ थर पसरतो, भोवती हवा, वर १५० डिग्रीच्या पुढं तापमान. ऑक्सिडेशनला ह्याच्यापेक्षा चांगली सोय नाही. व्हीजी-३० साठी मिक्सचं तापमान १५० ते १६५ डिग्री ठरवून दिलंय ते उगाच नाही. पण गाडी लांब जायची असते, पावसाळी थंड हवा असते, पेवर (माल पसरायचं मशीन) चालू व्हायला वेळ असतो, म्हणून बर्नर वर चढवतात. डंपरमध्ये माल पडताना निळसर धूर दिसला आणि नाकाला झोंबणारा वास आला की समजायचं, हा रस्ता जन्मतःच पाच-सात वर्षांचा आहे. एका कामावर मी स्वतः तसा डंपर परत पाठवायला सांगितला होता, परत गेला नाही. कुणाचं काम, कुठं, ते विचारू नका.

साध्या बीसीत हे खपून जातं काही वर्षं. पोरसमध्ये खपत नाही.

तिसरं_गेट
हे बघ, आलास का नाही फिरून माझ्याच मुद्द्यावर? शेवटी डंपर परत गेला नाही, एवढीच बातमी आहे.

संपादक
तिसरं गेट, विषयावर.

ऐंडहोवन_बेळगावकर
चोर्ला रायडरचा तो मित्र मी नव्हे, पण मीही हॉलंडमध्येच, मूळ शहापूर. इथल्या बहुतेक सगळ्या मोटरवेवर हाच थर आहे, झोआब म्हणतात डच लोक. पावसात फरक इतका आहे की साध्या डांबराचा तुकडा लागला की गाडीत बसूनच कळतं, अचानक आवाज वाढतो आणि पुढं धुकं होतं पाण्याचं.

पण टिकण्याचं विचाराल तर रडगाणं इथंही आहे. उजवीकडची लेन, म्हणजे ट्रकवाल्यांची, साधारण १०-१२ वर्षांत नवीन करावी लागते, डावीकडची जास्त जाते. साध्या रस्त्यापेक्षा आयुष्य कमीच. कडक थंडीचा एखादा हिवाळा आला की खडी उडते, काचा फुटतात लोकांच्या. शिवाय बर्फात मीठपण जास्त लागतं कारण ते पोकळीत उतरतं. तरी सरकार हे करतं कारण घरं हायवेला खेटून आहेत आणि आवाजाचा कायदा कडक आहे. आवाजासाठी मुख्यतः, पाणी उडण्यासाठी नंतर. हे आपल्याकडं कुणी लक्षात घेत नाही.

मध्यंतरी त्यांनी मिक्समध्ये डांबर सुमारे एक टक्क्यानं वाढवलं, लेप जाड व्हावा म्हणून. आणि खडी सुटायच्या आधीच वरनं रिज्युव्हनेटरची फवारणी पण करतात काही ठिकाणी.

चोर्ला_रायडर
फवारणी? द्राक्षासारखी? म्हणजे म्हाताऱ्या डांबराला परत तरुण करतात?

प्लांट_लॅब
तरुण होत नाही, थोडं नरम पडतं. तेलकट द्रव इमल्शनच्या रूपात, म्हणजे पाण्यात घुसळून, मारतात, तो पोकळीतनं आत उतरतो, लेपात मुरतो, घटलेला तेलकट भाग थोडा भरून निघतो. ऑक्सिजन चिकटलाय तो काही निघत नाही. खडी सुटायला लागल्यावर मारून उपयोग नाही, त्याच्या आधी मारायचं, म्हणजे रस्ता चांगला दिसत असताना खर्च करायचा. आपल्याकडं चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर पैसे कोण टाकणार हे तुम्हीच सांगा. शिवाय मारल्यावर रस्ता काही काळ घसरडा राहतो, गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागतो, आणि जास्त मारलं तर भोकंच बुजतात.

निपाणीकर
लै भारी धागा चाललाय पर आमच्याकडचं काय ते बगा की. ऑक्टोबरपास्नं मार्चपतोर कारखान्याचा सीझन, दोन-दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर, चाकाला शेतातला काळा चिखल धरून सरळ हायवेवर. ह्या रस्त्याची भोकं पैल्या सीझनातच बुजत्यात का न्हाई? भोकं बुजल्यावर पोरस कसला आन बिरस कसला.

प्लांट_लॅब
दादा, हा मुद्दा मी विसरणार नव्हतो पण तुम्ही बरा काढलात. हो, बुजतात. ह्या रस्त्याला स्वतःची एक सफाई असते, भरधाव गाडीचं टायर पाणी आत दाबतं आणि लगेच ओढून घेतं, त्यात घाण निघून जाते. पण त्याला वेग लागतो. ऐंशी-शंभरनं गाड्या धावतात तिथंच हे चालतं. गावातल्या रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या वाटेवर चालत नाही. बाहेरच्या देशात मशीननं पाण्याचा जोरदार मारा करून घाण ओढून काढतात.

आणि बुजलेल्या पोरसचं सगळ्यात वाईट म्हणजे पाणी आत जातं पण बाहेर येत नाही. चिखल ओल धरून ठेवतो. मग ते म्हातारं डांबर आणि ओली खडी महिनोन्‌महिने एकत्र. ऑक्सिडेशननं जे गट तयार होतात ते पाण्याला जवळ करणारे असतात, त्यामुळं ओल लेपात मुरते आणि खडीपास्नं लेप सुटायला लागतो. म्हणजे चीर लेपात पडते ती वेगळी आणि लेपच खडी सोडतो ते वेगळं, दोन्ही चालू. त्यात ट्रॅक्टरचं डिझेल-ऑइल गळतं ते आणखी, डिझेल तर डांबर सरळ विरघळवतं.

खडीच्या बाबतीत मात्र आपलं नशीब चांगलं. निपाणी, चिक्कोडी, बेळगाव पट्ट्यात काळा पत्थर, बेसॉल्ट. त्याला डांबर चांगलं धरतं. गोकाककडं सिलिका जास्त असलेला दगड आहे, तसल्या खडीवर पाणी डांबराला लवकर ढकलून लावतं. आणि खानापूर-जांबोटीच्या जांभ्याचा तर ह्यात विषयच नाही.

निपाणीकर
म्हंजे दगूड आमचा चांगला, चिखूल आमचा वाईट. बरोबर हाय.

सिव्हिल_थर्ड_इयर
सर नमस्कार, मी इथंच बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, थर्ड इयर. आम्हाला ह्यावरच मिनी प्रोजेक्ट करायचाय, ओपन ग्रेडेड फ्रिक्शन कोर्स, म्हणजे हाच पोरस थर. त्याचं आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेस) कोड १२९ आहे २०१९ चं ते वाचलं. पण एजिंग कसं दाखवायचं ते कळेना, रस्त्यावर दहा वर्षं थांबता येत नाही. आरटीएफओ आणि पीएव्ही दोन्ही मशीन आमच्या लॅबला नाहीत.

प्लांट_लॅब
पीएव्ही नसलं तरी अडत नाही. आधी ती काय आहेत ते बाकीच्यांसाठी सांगतो. आरटीएफओ म्हणजे प्लांटवरच्या एजिंगची नक्कल, काचेच्या बाटल्यांत थोडं थोडं डांबर घालून १६३ डिग्रीला ८५ मिनिटं फिरवतात, वरनं गरम हवा. पीएव्ही म्हणजे रस्त्यावरच्या एजिंगची, बंद भांड्यात ९० ते ११० डिग्रीला वातावरणाच्या वीसपट हवेच्या दाबाखाली २० तास. त्यातनं काही वर्षांचं म्हातारपण एका दिवसात मिळतं. पण एक लक्षात ठेव, ह्या दोन्हीत पाणी नाही, ऊन नाही. पोरस रस्त्यावर दोन्ही आहेत. म्हणून लॅबनं पास केलेलं डांबर रस्त्यावर त्याहून जास्त म्हातारं निघतं असा अनुभव बाहेरच्या संशोधकांनाही आलाय.

तू कॅन्टाब्रो टेस्ट कर. मार्शलचा गोळा (साच्यात ठोकून केलेला नमुना) पोरसच्या खडीच्या मापानं बनवायचा, वजन करायचं, खडीची झीज तपासायच्या लॉस एंजेलिस (एलए) ड्रममध्ये टाकायचा, लोखंडी गोळे न घालता, ३०० फेरे. बाहेर काढून परत वजन. किती टक्के झिजला ते तुझं उत्तर. ताज्या गोळ्याची झीज २० टक्क्यांच्या आत आणि ६० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ७ दिवस ठेवून म्हाताऱ्या केलेल्याची ३० टक्क्यांच्या आत, असा अमेरिकेतला दंडक आहे, बरेच लोक तोच धरतात. ड्रम उघडताना नीट बघ. ताजा गोळा कडा मोडून नदीतल्या गोट्यागत गोल होऊन निघतो, सुटलेली खडी काळीभोर, लेपासकट. ओव्हनमधला गोळा कधीकधी उभा फुटलेला सापडतो आणि तळाशी नुसती काळी पूड. सुटलेल्या खडीवर दगडाचा राखाडी रंग दिसला तर लेपानं दगड सोडलाय, काळीच असली तर लेप मधनं फाटलाय. प्रोजेक्टमध्ये ह्याचे फोटो टाक, गाईड खूश होतील.

तिसरं_गेट
सगळं बरोबर सर, पण एक अडाणी प्रश्न. हॉलंड थंड. आपल्याकडं एप्रिलमध्ये रस्त्यावर अंडं भाजंल. ऑक्सिजनचं काम गरमीत वाढतं म्हणता, मग तिथं १०-१२ वर्षं टिकलं ते इथं निम्मंपण टिकायचं नाही. आहे काय उत्तर?

प्लांट_लॅब
अडाणी कसला, हाच नेमका प्रश्न आहे.

तापमान १० डिग्रीनं वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट असा एक ढोबळ ठोकताळा आहे. आपल्याकडं उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० डिग्रीपर्यंत जातो, म्हणजे वरचा कॅन्टाब्रोचा ओव्हन तो हाच, फक्त आपल्याकडं ७ दिवस नाही तर मार्च ते मे. त्यामुळं म्हातारपण लवकर येणार हे मान्यच. पण दुसरी बाजू बघा. हॉलंडात खडी उडते ती गोठणाऱ्या थंडीत, कारण कडक डांबर थंडीत काचेसारखं वागतं. बेळगावची थंडी म्हणजे डिसेंबरात पहाटे १२-१३ डिग्री. बर्फ नाही, गोठणं-वितळणं नाही. म्हणजे म्हातारा लवकर होणार पण त्याला कडाक्याच्या थंडीला तोंड द्यावं लागणार नाही. आपल्याकडं मारणार ते पाऊस. जून ते सप्टेंबर सतत ओला, मग ऊन.

म्हणून माझं मत सांगतो, हे मत आहे हं, कोडमधलं नाही. आपल्याकडं पोरस टिकवायचं तर नुसतं कडक डांबर म्हणून व्हीजी-४० घालणं हा चुकीचा रस्ता. बरेच जण तेच सुचवतात, उन्हाळा कडक तर डांबर कडक. अहो ते सुरुवातच ताठ करतंय, म्हातारपणी काय करणार? पॉलिमर मॉडिफाइड, म्हणजे पॉलिमर मिसळलेलं डांबर पाहिजे, आणि चांगलं पाहिजे. जपानात पोरससाठी जे डांबर वापरतात त्याची ६० डिग्रीची व्हिस्कॉसिटी किमान २ लाख पॉइज. आपलं व्हीजी-३० असतं २४०० ते ३६०० पॉइज. कुठं ते आणि कुठं हे. पॉलिमरचं जाळं असल्यामुळं ते चिवट राहतं, आणि मुख्य म्हणजे जाड लेप धरून ठेवतं. साधं डांबर जास्त घातलं तर डंपरमध्ये पोचेपर्यंत निथळून तळाला साचतं, वरची खडी उघडी. म्हणून मिक्सच्या ०.३ टक्के सेल्युलोज फायबर घालतात, ते डांबर धरून ठेवतं. लेप जितका जाड तितका ऑक्सिजनला आत पोचायला वेळ, सगळं शेवटी लेपाच्या जाडीवर येतं.

आणि चुना. भुकटीच्या काही भागाऐवजी हायड्रेटेड लाइम घाला, खडीच्या वजनाच्या एक-दोन टक्के. खडीला डांबर धरतंही आणि एजिंगही मंदावतं. लाखाच्या कामात शेकड्याची गोष्ट आहे, पण प्लांटवर वेगळा सायलो (साठवायची टाकी) लागतो म्हणून कुणाला नको असते.

न्यूझीलंडवाले अजून पुढं गेलेत, डांबरात इपॉक्सी मिसळतात. ते एकदा जमलं की ऑक्सिडेशन त्याचं फारसं वाकडं करत नाही. पण मिसळल्यापासून ठराविक वेळेत घालून रोलर फिरलाच पाहिजे. आपल्याकडं तो डंपर तिसऱ्या रेल्वे गेटजवळ गर्दीत अडकला तर माल डंपरमध्येच दगड होईल.

तिसरं_गेट
तिसऱ्या गेटवर घसरायचं काम नाही सर.

रिटायर्ड_रोलर
मग घालायचा तर कुठं घालावा म्हणता? मला वाटतं गावात नकोच. वळणावर, सर्कलला टायर जागच्या जागी पिळतं, तिथं बीसीची खडी निघते तर हे काय राहणार. आणि गावात दोन्ही बाजूला सिमेंटचे कर्ब, पाणी आडवं जायचं कुठनं?

प्लांट_लॅब
काका तुम्ही माझं टायपिंग वाचवलंत. चोर्ला रायडरनी नाव घेतलं नसलं तरी मनात चोर्लाच असणार, तर तिथंही नको. घाटात वळणं, चढावर लोडेड गाड्या, वरनं तांबडी माती वाहून येते, झाडांचा पाला. कणकुंबीच्या पुढचा पाऊस तर त्या थराच्या आवाक्याबाहेर, थर भरून वरनंच वाहणार. हायवेवर सरळ, वेगवान तुकडा पाहिजे, कडेला पाणी निघायला मोकळा उतार, आणि खालचा थर भक्कम. हत्तरगीच्या आसपास घाला आधी थोडा तुकडा, चांगला मॉडिफाइड माल घालून, आणि दरवर्षी कोअर काढून डांबर तपासा.

निपाणीकर
हत्तरगीला बी ऊस येतोय साहेब. सर्व्हिस रोड हाय, पर ट्रॅक्टरवाला सर्व्हिस रोडनं गेला तर त्येचा मान कमी हुतोय.

ऐंडहोवन_बेळगावकर
आणि तुकडा घातला की दोन्ही टोकांना बोर्ड लावा. इथं पोरस संपून साधा रस्ता लागला की पावसात अचानक तुषार सुरू होतात आणि लोक दचकून ब्रेक मारतात.

तिसरं_गेट
बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा?

संपादक
हा प्रश्न ह्या धाग्यात येणार नाही असं मला तासाभरापूर्वी वाटलं होतं. प्रतिसाद राहूदे, पण पुढं कुणी उत्तर दिलं तर उडवणार. विषयावर या.

चोर्ला_रायडर
माझी शंका फिटली. म्हणजे तुकडा निवडून, माल चांगला घालून, प्लांटवर तापमान सांभाळून, मग पावसात ट्रकमागनं दिसंल. सर एक शेवटचं, जे रस्ते आहेत साधे बीसीचे, त्यांना ह्यातलं काही लागू होतं काय?

प्लांट_लॅब
बीसी नीट दाबलं नाही तर पोकळी ८-१० टक्के राहते. म्हणजे धड बीसी नाही, धड पोरस नाही, पाणी आत जातं पण बाहेर यायला वाट नाही, आणि हवा मात्र खेळते. संध्याकाळी उशिरा, गार झालेल्या मालावर रोलर फिरवला की हेच होतं. व्हीजी-३० असेल तर ९० डिग्रीच्या खाली जाईपर्यंत रोलिंग संपलं पाहिजे. तुम्ही सकाळी जाता त्या रस्त्याच्या कडेला जिथं सुटी खडी साचलेली दिसते ना, तिथं मोठी खडी आहे की बारीक चुरी ते बघा. नुसती चुरी असेल तर वरचा पापुद्रा झिजतोय, मोठी खडी लेपासकट आली असेल तर आतलं डांबर गेलंय.

सिव्हिल_थर्ड_इयर
सर, आमच्याकडं पीएमबी (पॉलिमर मॉडिफाइड डांबर) मिळेना, व्हीजी-३० आहे. आणि एलए ड्रम आहे पण ओव्हन ६० डिग्रीला ७ दिवस चालू ठेवायला लॅब असिस्टंट तयार नाहीत, लाइट बिल म्हणतात.

प्लांट_लॅब
पीएमबीचा किलो-दोन किलो नमुना मी देतो. ओव्हन आमच्याकडं चालूच असतो, गोळे इकडं आणून ठेव, वायरच्या जाळीत गुंडाळून आण नाहीतर गरम झाल्यावर आकार सोडतात, पोरसचा गोळा स्वतःच्या वजनानंसुद्धा बसतो. व्हीजी-३० चे आणि पीएमबीचे वेगळे ठेव, वर खडूनं लिहू नको, पुसतं, टॅग बांध. खडी एकाच क्रशरची घे, धुवून वाळवून, धूळ राहिली तर सगळी टेस्ट वाया. येणार असशील त्याच्या आदल्या दिवशी मेसेज टाक, गेटवर नाव देऊन ठेवतो.